मोजून दिलेला घास

‘घास’ हा शब्द मराठीत दोन वाटांनी चालत आला आहे. एक वाट स्वयंपाकघरातली. आई मांडीवरच्या मुलाला काऊचा आणि चिऊचा म्हणून भरवते तो घास. लग्नाच्या पंगतीत नाव घेऊन नवराबायकोने एकमेकांना द्यायचा तो घास. जेवणापूर्वी गाईसाठी पानाबाहेर काढून ठेवायचा तो घास. दुसरी वाट गोठ्यातली. तिथे घास म्हणजे जनावराचे खाद्य, आणि ‘लसूणघास’ या पिकाच्या नावात तो अर्थ आजही जिवंत आहे. हिंदीत तर त्याचा अर्थ सरळ गवत असाच होतो. पहिल्यामागे संस्कृतातला ‘ग्रास’ आहे, दुसऱ्यामागे मूळचाच ‘घास’ आहे, असे भाषाविज्ञानाच्या तासाला सांगून मी पुढच्या शब्दाकडे वळत असे. दोन वेगळ्या शब्दांनी झिजत झिजत एकच रूप धारण केले, एवढाच त्यातला मुद्दा. परंतु २०२३ साली चार महिने एका तट्टाला मोजून गवत घालण्याचे काम माझ्याकडे आले, आणि हे दोन्ही घास एकाच हाताने द्यायचे असतात, असे मला वाटू लागले.

माझी थोरली बहीण बरीच वर्षे इंग्लंडच्या नैर्ऋत्येला, डेव्हन परगण्यात, डार्टमूरच्या माळरानाच्या पायथ्याशी राहते. तिच्या मुलीसाठी घेतलेली एक घोडी तिच्याकडे आहे. भाची शिकायला दूरच्या शहरात गेली, घोडी मागे राहिली. त्या वर्षी ताईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरली आणि मला अभ्यासरजा मिळाली होती. एप्रिल ते जुलै मी तिच्याकडे राहिले. ताईची शुश्रूषा भावोजी करणार होते. माझ्या वाट्याला आली ती टॉफी. वय एकोणीस, रंग काळपट तांबूस, मान आखूड, पोट गोल, आणि नजरेत अखंड भूक. दोन वर्षांपूर्वीच्या वसंतात तिला लॅमिनायटिस झाला होता. त्यातून ती उठली. पण पुन्हा तसाच झटका आला तर तिला वेदनेतून मुक्त करण्यावाचून पर्याय उरणार नाही, असे पशुवैद्यांनी ताईला स्पष्ट सांगितले होते. रुग्णालयात जाण्याच्या आदल्या दिवशी ताईने माझ्या हाती एक ताणकाटा दिला आणि एक वही. म्हणाली, “ती मागेल. तू देऊ नकोस. आणि उपाशीही ठेवू नकोस.” पुढचे चार महिने या तीन वाक्यांचा अर्थ लावण्यात गेले.

‘तट्टू’ हा शब्द आता आपल्याकडे जवळजवळ शिवीपुरताच उरला आहे. पैसे घेऊन दुसऱ्याचे काम करणाऱ्याला आपण भाडोत्री तट्टू म्हणतो. वास्तविक भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याचा अभिमान आपण अजूनही मिरवतो. त्या तट्टांची ख्याती होती ती देखणेपणाची नव्हे, काटकपणाची: अंगाने बुटकी, खुराने पक्की, थोड्या वैरणीवर लांबची मजल मारणारी. डार्टमूरचे तट्टूही याच स्वभावाचे. खांद्यापाशी त्याची उंची जास्तीत जास्त १२७ सेंटिमीटर. माळावरचे खरखरीत गवत, हेदरची झुडपे, गॉर्सच्या काटेरी फांद्या हे त्याचे पिढ्यानपिढ्यांचे अन्न. पावसात आणि बर्फात दिवसभर हिंडावे तेव्हा कुठे पोट भरणार. हिवाळ्यात त्याने वाळायचे, उन्हाळ्यात भरून यायचे. मिळालेल्या प्रत्येक कणाची अंगात साठवण करणारे शरीर हीच तिथे जगण्याची पात्रता होती.

अशा शरीराला डेव्हनच्या खालच्या हिरव्या कुरणात आणून बांधले की काय होते, ते खुरात दिसते. घोड्याचे खूर बाहेरून दगडासारखे वाटते. आत मात्र सगळा भार एका नाजूक रचनेवर असतो. खुराची कठीण भिंत आणि आतले हाड यांना जोडणारे सुमारे साडेपाचशे ते सहाशे पापुद्रे असतात, अळंबीच्या छत्रीखाली असतात तसे, आणि त्या प्रत्येकावर दीडशे-दोनशे सूक्ष्म पापुद्रे. हाडाकडचे पापुद्रे आणि भिंतीकडचे पापुद्रे एकमेकांत गुंतलेले असतात. या गुंतवणीच्या बळावर घोडा उभा असतो. हाड खुरात टेकलेले नसून जणू टांगलेले असते. लॅमिनायटिसमध्ये ही गुंतवण ताणली जाते, सैल होते, आणि आतले हाड फिरू लागते किंवा खाली खचते. वेदना अशी, की जनावर पुढचे पाय पुढे टाकून भार मागच्या पायांवर घेत उभे राहते. कारण एरवी वजनाचा साठेक टक्के भाग पुढच्या दोन पायांवर असतो. वळताना ते पाय उचलायला कचरते. तापल्या तव्यावर पाय ठेवावा तसे चालते.

हा आजार नवा नाही. इसवीसनपूर्व चौथ्या शतकात झेनोफनने अश्वपालनावर जो छोटेखानी ग्रंथ लिहिला, त्यात घोडा दावणीतला दाणा बाहेर टाकू लागला तर कशाकशाचा संशय घ्यावा हे सांगताना त्याने जवाच्या अतिसेवनाने होणाऱ्या विकाराचा उल्लेख केला आहे. ग्रीकांनी त्या विकाराला नावच जवावरून दिले होते, आणि लॅमिनायटिसच्या इतिहासात त्याची आठवण हमखास काढली जाते. आजच्या नावाचे मूळ लॅटिनमधले आहे, आणि त्याचा संबंध पापुद्र्याशी आहे. एक नाव दुखणाऱ्या जागेवरून, दुसरे दिलेल्या दाण्यावरून. मला ग्रीकांचे नाव अधिक प्रामाणिक वाटते, कारण ते खाऊ घालणाऱ्या हातालाही त्या दुखण्यात सामील करून घेते.

अर्थात दाण्याचा आणि खुराचा संबंध नेमका कसा, हे उशिरा उलगडले. घोड्याने चुकून पोतेभर धान्य खाल्ले, तर न पचलेले पिष्ट मोठ्या आतड्यात जाऊन आंबते आणि त्यातून खुरांपर्यंत विकार पोहोचतो, हे पूर्वीपासून ठाऊक होते. पण दाण्याला तोंडही न लावता केवळ चरणाऱ्या तट्टांना हा आजार का व्हावा? २००७ साली ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी निरोगी पोनींच्या रक्तातील इन्सुलिनची पातळी तीनेक दिवस सतत चढी ठेवली. तेवढ्यानेच त्यांना लॅमिनायटिस झाला. गवतात साखर असते. काटक तट्टांपैकी अनेकांचे शरीर त्या साखरेला गरजेपेक्षा कितीतरी अधिक इन्सुलिनने उत्तर देते, आणि ते उत्तर खुराला महागात पडते. त्यात इंग्लंडमधली पुष्कळ कुरणे दुभत्या गुरांना समोर ठेवून पेरलेली असतात. वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे तर अधिक साखरेची राय गवताची वाणे मुद्दाम विकसित करण्यात आली. गाईला ते दूध होऊन मानवते. माळावरच्या तट्टाला ते रोजच्या पक्वान्नाच्या ताटासारखे आहे. घोड्याने गवताशी मैत्री केली तर तो खाणार काय, असे आपण म्हणतो. इथे वैर करावे तरी तोच प्रश्न उरतो.

ताईच्या वहीत या प्रश्नाचे रोजचे उत्तर लिहिलेले होते. टॉफीचे वजन अडीचशे किलो. दिवसाला वजनाच्या दीड टक्का कोरडे अन्न, म्हणजे पावणेचार किलो. वाळलेल्या गवतातही थोडा ओलावा असतो, तो धरून सुमारे ४.३ किलो गवत. हे गवत ताणकाट्यावर तोलायचे, जाळीत भरायचे आणि रात्री पाण्यात बुडवून ठेवायचे. सकाळी त्या पाण्याचा रंग कोऱ्या चहासारखा झालेला असे. विरघळलेल्या साखरेचा बराच भाग त्यात उतरलेला असतो. ते पाणी घोडी तोंड लावणार नाही अशा जागी ओतायचे. साखरेबरोबर काही खनिजेही निघून जातात, म्हणून जीवनसत्त्वे, खनिजे आणि प्रथिने असलेले मगभर दाणे वेगळे द्यायचे. एवढे अन्न मोकळे टाकले तर ती ते भराभरा संपवील आणि मग पुढे तासन् तास पोट रिकामे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत स्रवत असते; पोट फार वेळ रिते राहिले तर तिथे व्रण होतात. म्हणून बारीक छिद्रांची जाळी, आणि कधी एकीत एक अशा दोन जाळ्या. तिने ओढून ओढून, काडी काडी खावे. तोबरा भरणे हा वाक्प्रचार ज्या कृतीवरून आला, तिच्या अगदी उलट ही कृती होती.

कुरणात सोडायचे तर पहाटे. दिवसा उन्हात गवत साखर तयार करते आणि रात्री वाढीसाठी ती खर्च करते. त्यामुळे पहाटे साखर सर्वांत कमी, दुपार उतरताना सर्वांत अधिक. पण रात्री दहिवर गोठले असेल तर हा नियम उलटतो: थंडीने वाढ थांबते, साखर खर्च होत नाही, आणि सकाळचे चकाकणारे सुंदर कुरण सर्वांत घातक ठरते. एप्रिलमध्ये अशा काही सकाळी आल्या. बाहेर चित्रासारखे दृश्य, आणि मी घोडीला आत अडवून उभी. आखूड चरलेले, पिवळट पडलेले गवतही सुरक्षित नसते. ताणाखाली तेही साखर धरून ठेवते. एरवी पहाटे पाच ते आठ तिला सोडायचे, तेही तोंडाला मुसके बांधून. आपल्याकडे कोळपणीच्या वेळी बैलाने पीक खाऊ नये म्हणून त्याला मुसके बांधतात. तिथे हेतू पीक राखण्याचा. इथे ज्याला बांधायचे त्यालाच राखायचे होते. मुसक्याच्या तळाच्या छिद्रातून गवताची चार पाती वर येत, तेवढी ती मोठ्या चिकाटीने खाई.

इतके अवघड काम आहे तर सरळ चार दिवस उपास का घडवू नये, असे कोणालाही वाटेल. आपल्या परंपरेत लंघन हे औषधच मानलेले आहे. तट्टाच्या बाबतीत ते प्राणघातक ठरू शकते. लठ्ठ तट्टाला एकदम उपाशी ठेवले की त्याचे शरीर साठवलेली चरबी एवढ्या वेगाने रक्तात सोडते, की यकृत ती सोसू शकत नाही. हायपरलिपेमिया या नावाचा हा विकार अनेकदा मृत्यूपर्यंत नेतो. म्हणजे अधिक दिले तर खूर जाते आणि काहीच दिले नाही तर प्राण जातो. दुष्काळात तगण्यासाठी घडलेल्या या देहाला सुकाळ सोसत नाही, आणि सुकाळाची सवय झाल्यावर दुष्काळही सोसत नाही. त्या दोहोंमधली जी अरुंद पायवाट आहे, तिच्यावरून त्याला रोज हाताला धरून न्यावे लागते.

भाकरी का करपली, पाने का सडली, घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना ‘न फिरवल्यामुळे’ हे एकच उत्तर आपण लहानपणी शिकलो. चालणे-धावणे हा या आजाराला दूर ठेवण्याचा खरोखरच मोठा उपाय आहे. व्यायामाने इन्सुलिनचे वागणे सुधारते. पण झटका आल्यानंतर तेच उत्तर क्रूर होते. जुन्या काळी अशा घोड्याला रक्ताभिसरणासाठी म्हणून बळेच चालवीत, आणि प्रत्येक पावलागणिक सैल झालेले पापुद्रे आणखी फाटत. आज झटका आलेल्या घोड्याला खोल, मऊ अंथरुणावर स्थिर ठेवतात.

या सगळ्या हिशोबात एक माणूस होता. ताईच्या कुंपणाला लागून एक निवृत्त गृहस्थ राहतात. पत्नी वारल्यापासून एकटे. रोज संध्याकाळी कुंपणापाशी येऊन टॉफीला सफरचंद किंवा गाजर द्यायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम होता. घोडी त्यांच्या पावलांचा आवाज ओळखत असे. आजारपणानंतर ताईने त्यांना जाऊन सांगितले, की आता काहीही देऊ नका. ते लगेच कबूल झाले, आणि त्या दिवसापासून कुंपणाकडे यायचेच थांबले. रिकाम्या हाताने कसे जायचे, हा त्यांचा प्रश्न असावा. आपल्याकडेही लहान मूल असलेल्या घरी कोणी रिकाम्या हाताने जात नाही. काही महिन्यांनी ताई पुन्हा त्यांच्या दारी गेली ती एक ब्रश घेऊन. म्हणाली, मुलगी गेल्यापासून हिचा खरारा करायला कोणी नाही. तुम्ही याल का? (‘खरारा’ हा शब्द अर्थातच माझा. युद्ध ऐन रंगात असताना कृष्णाने रणभूमीवर घोडे सोडून त्यांना पाणी दाखवले, त्यांचे अंग चोळले, ही महाभारतातली कथा मी त्या गृहस्थांना सांगितली, तेव्हा त्यांना ती फार आवडली.) मी तिथे होते तेव्हा ते रोज संध्याकाळी पाऊण तास घोडीचे अंग घासत. तीही आता त्यांचा खिसा हुंगत नसे. मान लांब करून डोळे मिटून उभी राहत असे.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसानंतरच्या लख्ख उन्हाच्या दिवसांत, ते ब्रश थांबवून मला म्हणाले, “ही आज डावीकडे वळताना विचार करते आहे.” मला काहीच दिसले नव्हते. ताई काठी टेकत आली. तिने घोडीच्या खुराच्या वर, सांध्यामागे बोट ठेवून नाडी पाहिली. एरवी तिथे नाडी जेमतेम लागते. त्या संध्याकाळी ती ठसठशीत उडत होती. पशुवैद्य तासाभरात आले. वेदनाशामक औषध, भुशाचे जाड अंथरूण, कुरण बंद, फक्त भिजवलेले गवत. त्यांनी रक्त तपासायला नेले: इन्सुलिनसाठी, आणि उतारवयातल्या घोड्यांच्या मस्तकातील ग्रंथीचा जो विकार याच आजाराला वाट करून देतो, त्यासाठीही. तो विकार निघाला नाही. इन्सुलिन अपेक्षेप्रमाणे चढे होते. ताई दोन रात्री नीट झोपली नाही, आणि मीही. तिसऱ्या दिवशी नाडी मंदावली. हाड हललेले नव्हते. इतक्या आधी कळले म्हणून निभावले, असे वैद्य म्हणाले. ते कळले होते अशा माणसाला, ज्याच्याकडून देण्याचा हक्क काढून घेतलेला होता आणि ज्याने पाहण्याचे काम पत्करले होते.

त्या दोन रात्री मला आईची आठवण फार आली. आईला शेवटची दहा-बारा वर्षे मधुमेह होता. ताई परदेशी, म्हणून तिचे जेवण माझ्याकडे. घोड्याचा हा आजार म्हणजे मधुमेह नव्हे, हे स्पष्ट करायला हवे. इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे एवढा धागा दोन्हीकडे आहे. पण अभावात घडलेल्या देहाला विपुलता बाधते, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याच्या परिसरातल्या नवजात बालकांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांशी केली, तेव्हा आपली बाळे वजनाने बरीच कमी, पण त्या मानाने चरबी राखून असलेली आढळली. आईचे बालपण टंचाईच्या दिवसांतले, आणि उतारवय घरोघरी पेढ्यांचे पुडे येण्याच्या दिवसांतले. मी वाटीने भात मोजत असे. येणारे-जाणारे नातेवाईक ते पाहत, आणि एखादी मावशी हळूच म्हणे, “घासभर तरी घाल ग तिला.” आई एकदाच बोलली. म्हणाली, “तू मला वाढत नाहीस. मोजतेस.”

मराठीत ‘वाढणे’ म्हणजे पानात घालणे, आणि ‘वाढणे’ म्हणजे मोठे होणेही. एकाने वाढायचे आणि दुसऱ्याने वाढायचे, अशी ती व्यवस्था आहे. तिच्यात मोजणाऱ्याला जागा नाही. आपल्या भाषेत माया हाताने सढळ असते, ताटातून ओसंडते, आग्रह करते. जो मोजतो तो कंजूष, परका, सावत्र. आईच्या वाक्याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते. भात मात्र मी मोजतच राहिले, आणि आजही मोजीन. डेव्हनमध्ये मला त्या वाक्याचे उत्तर सापडले असेही नाही. टॉफीला शब्द कळत नव्हते आणि आईला कळत होते, हा फरक कोणत्याही उपमेने मिटणारा नाही. एवढे मात्र दिसले, की मोजण्यासाठी रोज पाहावे लागते. पोटावर हात फिरवावा लागतो, मानेवरची चरबी चाचपावी लागते, पावलाची चाल, उन्हाचा ताव, रात्रीची थंडी ध्यानात ठेवावी लागते. सढळ हाताला एवढे पाहण्याची गरज पडत नाही. त्याला देऊन मोकळे होता येते. मोजणाऱ्याला मोकळे होता येत नाही.

टॉफीने त्यानंतरचे दोन्ही वसंत निभावले. ताईचा गुडघा बरा आहे, आणि वही तिच्या हाती परत गेली आहे. ती वही मी निघण्यापूर्वी पुन्हा एकदा वाचली. तारीख, गवताचे वजन, छातीच्या घेराचे माप, चारही पायांची नाडी, हवा. कुठे एक विशेषण नाही. जूनमधल्या त्या दोन रात्रींच्या पानांवरही तेवढीच पाच कलमे आहेत. फक्त नाडीच्या रकान्यात दर तासाला एक नोंद आहे.